पुरे न म्हणणारा पाहुणा

पूर्वी वेत्रावती नगरीत राजा भद्रसेन राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने हत्तीच्या योनीत जन्म घेतला होता. राजाच्या गजशाळेतला तो सर्वांत वयस्क हत्ती. त्याला सोमगिरी म्हणत. लढाया झाल्या होत्या, मिरवणुका झाल्या होत्या. आता तो सकाळी नदीवर जाई, दुपारी वडाखाली उभा राही आणि आल्यागेल्याकडे शांतपणे पाही.

गोष्ट मात्र त्याच्या वैद्याची आहे. नंदगुप्त गजवैद्याच्या हाताला गुण होता. हत्तीच्या तळव्यात रुतलेला काटा तो डोळे मिटून नुसत्या बोटांनी शोधून काढी. राजा त्याच्यावर खूश होता. दर पौर्णिमेला वैद्याच्या दारात धान्याची गाडी उभी राही आणि नाण्यांची थैली घरात जाई. एवढे वेतन नगरात फार थोड्यांना मिळे. तरीही अमावास्या आली की त्याची कणगी रिकामी. तळाशी हात फिरवला तर दाणा लागत नसे, नुसते सारवण लागे. नवराबायको पाण्यासारखी पेज पीत आणि पौर्णिमेची वाट पाहत. राजाने दोनदा वेतन वाढवले. अमावास्या होती तिथेच राहिली.

कारण त्यांच्याकडे एक पाहुणा जेवायला येत असे.

पहिल्यांदा तो आला त्या दिवशी घरात मेजवानी होती. नंदगुप्ताला राजाची नेमणूक मिळाली होती, दरबारातली माणसे जेवायला बसली होती. आयत्या वेळी कुणी आले तर असावे म्हणून, रीतीप्रमाणे एक पान जास्तीचे मांडले होते. सगळे बसल्यावर नंदगुप्ताने पाहिले, तर त्या पानावर कुणीतरी बसले होते. अंगावर उंची उपरणे, मान खाली. हा आपल्या बायकोच्या, सुमनाच्या, माहेरचा कुणीतरी असणार, असे त्याने मानले आणि तो वाढायला वाकला.

त्या नगरातली रीत अशी की जेवणाऱ्याने पानावर आडवा हात धरून पुरे म्हणेपर्यंत वाढणाऱ्याने थांबायचे नाही. या पाहुण्याने हात आडवा धरला नाही. बाकीचे उठले, विडे खाऊन घरी गेले, तो बसलाच होता. पाहावे तेव्हा पान भरलेले असे आणि जरा नजर वळवली की ते लख्ख रिकामे दिसे. चावण्याचा आवाज मात्र कधी आला नाही. भांडी रिकामी झाली तेव्हा तो उठला आणि न बोलता निघून गेला.

पुढच्या पौर्णिमेला तो पुन्हा आला. मग त्याच्या येण्याला पौर्णिमेचेही बंधन राहिले नाही. रोज तिन्हीसांजेला तो त्या पानावर बसलेला असे.

त्याने काही मागितले असे कधीच झाले नाही. तो फक्त बघे. एकदा त्याने मातीच्या पणतीकडे जरा जास्त वेळ पाहिले. नंदगुप्ताला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दुसऱ्या पौर्णिमेला पितळेची समई आली. समईच्या उजेडात भिंत काळी दिसू लागली. भिंत रंगवली, तर तिच्यापुढचे पाट दरिद्री दिसू लागले. पाट शिसवीचे आले, मग पाहुण्याने सुमनाच्या लुगड्याकडे पाहिले. शेजारीपाजारी म्हणत, वैद्याचे काय ऐश्वर्य आहे! बडा घर, पोकळ वासा, हे फक्त चुलीला माहीत होते.

अशाच एका कृष्णपक्षात कणगी वेळेआधीच आटली. पाहुणा तर संध्याकाळी येणारच. नंदगुप्त गजशाळेत गेला. सोमगिरीसाठी तांदूळ, गूळ आणि तूप घालून वळलेले गोळे परातीत ठेवले होते. इकडेतिकडे पाहून त्याने काही गोळे उपरण्यात बांधले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चोरी केली होती आणि तीही आपल्याच रोग्याच्या तोंडातून.

पहिल्यांदा जड जाते, मग सवय होते. महिन्यामागून महिना गेला. सोमगिरीच्या कानामागे खळगे पडले, बरगड्या वर आल्या. पाय उचलताना तो थरथरू लागला. हत्तीने एक चीत्कार केला असता तर माहूत धावत आला असता, परात मोजली गेली असती, वैद्याचे हात तोडले गेले असते आणि हत्तीला पोटभर मिळाले असते. हे त्याला कळत होते. तो ओरडला नाही. या माणसाचे हात गेले तर माझे पोट भरेल, पण याची भूक कोण बरी करणार, असे त्याच्या मनात आले.

एके दिवशी दुपारी नंदगुप्त परातीशी वाकला, तेव्हा सोमगिरीने उरलेले सगळे गोळे सोंडेने त्याच्याकडे सरकवले. वैद्य दचकला. हत्ती आजारी आहे असे वाटून त्याने त्याची जीभ पाहिली, डोळे पाहिले. मग हत्ती माणसाच्या वाणीने बोलला.

"वैद्या, तुझ्या घरी कोण जेवतं?"

नंदगुप्त एक पाऊल मागे सरला. "पाहुणा," तो म्हणाला.

"कुणाकडचा?"

"बायकोच्या माहेरचा."

"तिला विचारलंस?"

"जेवायला बसलेल्या माणसाला तू कोण म्हणून विचारतात का? असली चौकशी करणारं आमचं घर नाही."

सोमगिरी म्हणाला, "माझं पोट भरलं की उरलेला चारा मी पाठीवर उडवतो. तू तरुण होतास तेव्हापासून पाहतो आहेस. तुझ्या पाहुण्याचं पोट भरलं की तो काय करतो?"

नंदगुप्ताच्या लक्षात आले की आपण पाहुण्याला कधी घास उचलताना पाहिलेले नाही. त्याने हत्तीच्या वर आलेल्या बरगड्यांवर हात ठेवला आणि तो लहान मुलासारखा रडला. नंतर गोळे परातीत ठेवून तो रिकाम्या हाताने घरी निघाला.

तिन्हीसांजा होत आल्या होत्या. सुमना चुलीपाशी होती.

"तुझ्या माहेरचे ते पाहुणे," नंदगुप्ताने हळूच विचारले, "नात्याने तुझे कोण?"

सुमनाच्या हातातली पळी थांबली. "माझ्या माहेरचे? अहो, मी तर समजत होते ते तुमच्या दरबारातले कुणी मोठे आहेत. म्हणून तर इतकी वर्षं कोंड्याचा मांडा करून वाढतेय मी!"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत पाट ओढल्याचा आवाज झाला.

"दार तर मी लावलं होतं," सुमना म्हणाली.

नंदगुप्त बाहेर आला. पाहुणा बसला होता, मान खाली, पुढे पान. आज त्या पानावर कोणी काही वाढले नाही. हळूहळू पाहुण्याने मान वर केली. एवढ्या वर्षांत त्याचा चेहरा नंदगुप्ताने प्रथमच नीट पाहिला. चेहरा नंदगुप्ताचाच होता, पण कुणीतरी दुरून, रस्त्यावरून पाहावा तसा. डोळे, नाक, कपाळ, सगळे होते. तोंडाच्या जागी सुईने टोचावे एवढे छिद्र होते.

पळून जावे असे नंदगुप्ताला वाटले. मग त्याला हत्तीने सरकवलेले गोळे आठवले. त्याने तांब्या उचलला, पाहुण्यासमोर गुडघे टेकले आणि स्वतःचा हात त्या पानावर आडवा धरला.

"पुरे," तो म्हणाला. "पाहुणे, घरात काही नाही. कधीच नव्हतं. तुमच्या तोंडात काही गेलंच नसेल तर तुमचेही हालच झाले. हात पुढे करा, आचवायला पाणी घालतो."

पाहुण्याने हात पुढे केला. नंदगुप्ताने त्यावर पाणी घातले. हात आधीपासूनच कोरडा ठणठणीत आणि स्वच्छ होता. त्याला अन्नाचे एक शीत कधी लागले नव्हते.

पाहुणा उठला आणि गल्लीने चालू लागला. पलीकडे खजिनदाराच्या घरी दिवे लागले होते, पाने मांडली जात होती. तो तिथे आत वळला.

सकाळी नंदगुप्ताने राजापाशी चोरी कबूल केली. राजाने त्याचे हात राखले, पण वेतन निम्मे केले. त्या निम्म्या वेतनातून तो रोज सोमगिरीसाठी गुळाचा एक गोळा आपल्या हाताने वळून नेई. पुढच्या अमावास्येला सुमनाने कणगीत हात घातला, तर तो कोपरापर्यंत धान्यात गेला. ती तिथेच बसून हसू लागली.

पुढे कित्येक जन्मांनंतर एका गृहस्थाच्या ओसरीवर शास्ते, म्हणजे बुद्ध, भोजनाला बसले होते. यजमान वाढायचा थांबेना, तेव्हा पात्रावर हात ठेवून त्यांनी ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "तो गजवैद्य म्हणजे आजचा हा यजमान. त्याची पत्नी हीच, जी आत चुलीपाशी उभी आहे. राजा म्हणजे माझ्या शेजारचा हा वृद्ध भिक्षू आणि सोमगिरी हत्ती मीच होतो. किती पुरे हे ओळखणे, याला मात्रज्ञता म्हणतात. दान, शील सगळे तिच्या आधाराने उभे राहते."

"आणि तो पाहुणा, भगवन्?" एका तरुण भिक्षूने विचारले.

"त्याला अजून जन्म मिळालेला नाही," शास्ते म्हणाले. "तो अजून जेवतो आहे."

सगळ्यांनी ओसरीच्या टोकाकडे पाहिले. तिथे रीतीप्रमाणे एक पान जास्तीचे मांडलेले होते आणि ते लख्ख रिकामे होते. यजमानाने हातातली पळी खाली ठेवली. मग तांब्या उचलून तो पाणी घालायला तिकडे गेला.