काटेसावरच्या तलावाचं भूमिपूजन

फार जुनी गोष्ट नाही. काटेसावर नावाचं एक रान होतं. रान म्हटलं की सिंह आलाच. पण इथला सिंह केव्हाच राजधानीच्या रानात राहायला गेला होता आणि जाताना मागे एक नगरपालिका ठेवून गेला होता. नगराध्यक्ष होता तरस. तरसाला हसू आवरत नसे. दुखवट्याच्या सभेतही तो हसे आणि जनावरं म्हणत, गडी मोठा दिलखुलास आहे. मुख्याधिकारी होते घुबडसाहेब. फार अभ्यासू. फक्त कचेरीच्या वेळेत झोपलेले असत.

काटेसावरात सगळं होतं. स्वागताची कमान होती. बाकडी होती, आणि ती कुणाच्या निधीतून बसवली त्याची नावं इतक्या ठसठशीत अक्षरांत कोरलेली होती की टेकून बसणाऱ्याच्या पाठीवर उमटत. नव्हतं ते फक्त पाणी.

पाण्याला नदीवर जावं लागे आणि नदीत मगरअप्पा असत. मगरअप्पा पाणीपुरवठा समितीचे सभापती होते, कारण पाण्यातलं त्यांच्याइतकं कळणारं दुसरं कुणी नव्हतं. पाण्याला गेलेल्यांपैकी अधूनमधून एखादा परत येत नसे. मग अप्पा स्वतः त्याच्या घरी सांत्वनाला जात आणि डोळ्यांत पाणी आणत. वस्तीत पाणी दिसायचं ते तेवढंच.

वस्तीच्या टोकाला, करवंदीच्या जाळीत, धुरपदा रानडुकरीण राहायची. तिची दोन पिलं नदीवर गेली ती गेलीच. अप्पा तिच्याकडेही येऊन रडून गेले होते. उरलेल्या पिलांना तिनं नदीचं नाव काढायचं नाही असं दटावून ठेवलं होतं, पण तहान काय कुणाच्या दटावणीला भीक घालते? धुरपदाचं मागणं एवढंच होतं की पिलांना नदीवर न्यावं लागू नये, इतकं पाणी वस्तीजवळ असावं. त्यासाठी तिनं नगरपालिकेत इतके हेलपाटे घातले की शिपाई माकड तिला येताना पाहूनच "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणायला लागलं.

"तलाव मंजूर आहे, धुरपदाबाई," तरस हसत सांगे. "भूमिपूजन करून टाकू."

आणि खोटं कशाला बोला, त्यानं ते केलंही. मंडप पडला, बँड वाजला, उपाध्यक्ष वानरानं नारळ फोडला आणि खाल्ला. तरसानं फोटो निघेपर्यंत कुदळ उगारून धरली, मग एक घाव घातला. मंडप, बँड आणि जेवणावळीत तलावाचा निधी संपला. कामाला पुढच्या वर्षी सुरुवात होणार होती.

पुढच्या वर्षी, पक्षात ठरल्याप्रमाणे, खुर्ची लांडग्याकडे आली. लांडगा म्हणाला, "आधीचा मुहूर्त चुकला होता." त्यानं त्याच जागी नव्यानं भूमिपूजन केलं आणि तरसापेक्षा एक घाव जास्त घातला. विरोधकांनी लगेच आपलं वेगळं केलं. मग मानाची कुदळ कुणाची यावरून हाणामारी झाली आणि शेवटी सर्वांना न्याय म्हणून प्रत्येक वॉर्डाला, महिला मंडळाला, तरुण मंडळाला आणि ज्येष्ठ नागरिक संघाला आपापलं भूमिपूजन मिळालं. अडचण एकच होती. आधीच्यानं खणलेल्या जागी घाव घालायला माती उरत नसे, म्हणून प्रत्येकाला थोडं आणखी खाली उतरावं लागे. तरसाची पुन्हा पाळी आली तोवर प्रमुख पाहुण्यांना शिडी लावून खाली सोडत होते आणि भाषण ऐकणारी जनता काठावरून वाकून बघत होती.

तलाव कुणीच बांधला नाही. पण त्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं आणि खड्डा काठोकाठ भरला.

धुरपदानं पिलांना काठावर नेलं. पिलं पाणी प्याली, मग चिखलात लोळली, मग पुन्हा प्याली. ते बघून धुरपदाला रडू आलं. खरं रडू. हळूहळू सगळी वस्ती तिथं यायला लागली. शेजारची सगुणा नीलगाय यायला लागली. तिचा धनी अप्पांनी नेल्यापासून ती पाण्याला जाताना देवाचं नाव घेत असे, ते आता घेईनाशी झाली. उन्हाळा आला आणि कुणीही नाहीसं न होता गेला.

इथवर सगळं ठीक होतं. पण धुरपदा गरीब होती आणि गरिबाला उपकाराचं ओझं सोसत नाही. एक दिवस ती घरचे कंद घेऊन नगरपालिकेत आभार मानायला गेली.

"लई उपकार झाले, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या तळ्यानं माजी लेकरं वाचली बगा."

घुबडसाहेबांनी एक डोळा उघडला. "कुठलं तळं?"

"आपलं, ते भूमिपूजनाचं."

साहेबांनी दुसराही डोळा उघडला. काटेसावरच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. "तलावाचं तर अजून टेंडरच निघालेलं नाही," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी पाहणी झाली. घुबडसाहेबांनी काठावर बसून चहूकडे मान फिरवली. "तलावाला सांडवा लागतो, पायऱ्या लागतात, कोनशिला लागते. यातलं इथं काय आहे? हा तलाव नाही. हा खड्डा आहे."

"पर साहेब, त्यात पानी हाय की."

"म्हणजे पाणी साचलेला खड्डा. अधिकच गंभीर."

तातडीची सर्वसाधारण सभा बसली. मगरअप्पा इतके रोडावले होते की घातलेला हार गळ्यातून घसरून पायाशी येत होता. ते उठले.

"बंधू-भगिनींनो, हा अप्पा जन्मभर तुमच्यासाठी पाण्यात उभा राहिला. कधी सावली बघितली नाही, कधी सुट्टी घेतली नाही. आज तुम्ही मला विसरलात, माझी तक्रार नाही. पण राजधानीहून खड्डेमुक्त रान योजना आली आहे. शेजारच्या रानांनी अर्ज केले, त्यांच्याकडे दाखवायला खड्डाच नाही. आपल्याकडे आहे! एवढा मोठा खड्डा कुणाच्या नशिबी येतो? हे आपल्या सर्वांच्या कुदळीचं फळ आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांनी ज्यांनी कुदळ मारली होती, त्यांचे डोळे पाणावले. 'खड्डा बुजवू, प्रगती रुजवू' असे फलक लागले. निम्मा निधी राजधानीचा, निम्मी लोकवर्गणी असं ठरलं. वर्गणी म्हणजे घरटी पाटीभर माती. जो पाटी आणील त्याला पिशवीभर शेंगा. मातीची वाहतूक तरसाच्या मेव्हण्याकडे गेली. तो योगायोगानं तिथंच उभा होता.

माती यायला लागली तशी धुरपदा पिलांना घेऊन खड्ड्यात उतरली आणि पाण्यात बसून राहिली.

"म्या उटनार न्हाई," ती म्हणाली. "टाका माती आमच्या डोस्क्यावर."

तरस काठावर आला. "धुरपदाबाई, विकासाच्या आड येऊ नका," असं म्हणून हसला. धुरपदानं त्याच्यावर अशी नजर रोखली की तो हसतहसतच मागे सरकला. लांडगा आला आणि गुरगुरून गेला. वानरानं वरून नारळाची करवंटी फेकून मारली. धुरपदा हलली नाही. तिघे एकदम आले असते तरी ती भिडली असती, असा तिचा त्या दिवशी आवेश होता.

संध्याकाळी सगुणा आली. तिच्या डोक्यावर मातीची पाटी होती.

"धुरपदे, ऊठ बाई. तुज्यापायी शेंगा वाटप थांबलंय."

धुरपदा तिच्याकडे बघतच राहिली. "आन पानी गं?"

"पानी काय, नदी हाय की."

"सगुणे, तुजा धनी..."

"त्याला लई दिस झालं," सगुणा म्हणाली. तिच्यामागे सगळी वस्ती पाट्या घेऊन उभी होती. ही तीच वस्ती, उन्हाळाभर इथं पाणी प्यालेली. तरसाशी भांडता येतं, लांडग्याशी भांडता येतं. पण या तोंडांशी कसं भांडायचं हे धुरपदाला कळेना. ती उठली. पिलांना पुढं घालून चिखलातून वर आली. त्यांची अंगं गाळानं ओली होती तोवर खड्डा बुजलाही. वर पेव्हर ब्लॉक बसले. काटेसावरला राज्यात पहिला क्रमांक मिळाला आणि पुरस्कार घ्यायला राजधानीला एवढी जनावरं गेली की आठवडाभर कचेरीला कुलूप होतं.

मग पुन्हा नदी. धुरपदा पिलांना पोटाखाली धरून पाण्यावर नेई, आधी स्वतः उतरे, मग त्यांना बोलवी. एवढं करूनही एक दिवस धाकटं मागं राहिलं. अप्पा त्याच दिवशी सांत्वनाला आले. आता ते चांगले भरले होते आणि हार गळ्यात नीट बसत होता.

पुढं निवडणूक लागली आणि नगराध्यक्षपदाला अप्पाच उभे राहिले. मतदानाच्या रांगेत धुरपदाच्या पुढं सगुणा होती.

"अप्पालाच दे मत," सगुणा मागं वळून म्हणाली.

"अगं, त्यो खातो की आपल्याला," धुरपदा म्हणाली.

"खातात तर समदेच," सगुणा म्हणाली. "ह्यो निदान घरी येऊन रडतो तरी."