बांगडीवाल्याने घेतलेली गाडी

एका बाजारगावात मुकुंद कासार नावाचा बांगडीवाला राहत होता. बांगड्या भरायचा तर इतक्या हळुवार, की लहान मुलीही रडायच्या नाहीत. भरताना एखादी तडकली, तर 'फुटली' हा शब्द तो तोंडातून काढायचा नाही. "वाढली हो ताई, दुसरी घेऊ," असे म्हणायचा. बांगडीला फुटली म्हणणे अशुभ, हे त्याच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

माणूस असा गोड, पण त्याला एक दुखणे होते. शेजारी निवृत्ती तांबट भांडी विकायचा. त्याचे काही बरे झाले, की मुकुंदच्या पोटात दुखायचे. निवृत्तीने ओट्याला निळा रंग दिला, तर मुकुंदने त्याहून गडद निळा दिला. बाजारात भांड्यांपुढे गर्दी दिसली, की याला दुपारची भाकरी गोड लागायची नाही. बांगड्या घेणाऱ्या बायका भांडी घेणार नाहीत का? पण ते त्याला कोण सांगणार!

जत्रांचे दिवस जवळ आले. माल न्यायला दोघांनाही गाडी हवी होती. भाड्याच्या टेंपोची वाट पाहण्यात जत्रेतली चांगली जागा हातची जायची. मुकुंदची बायको भामा हिने भिशीचे सगळे पैसे नवऱ्याच्या हातावर ठेवले.

"जुनी का होईना, गाडी घ्या," ती म्हणाली. "पण मिस्त्रीला दाखवल्याशिवाय घेऊ नका. पुन्हा एवढे माझ्याच्याने जमायचे नाहीत."

मुकुंद जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेला, तर तिथे आधीच निवृत्ती! मुकुंदच्या अंगाचा तिळपापड झाला. तो समोरच्या रसवंतीच्या आडोशाला उभा राहून पाहू लागला. एक पांढरी, चकचकीत व्हॅन होती. निवृत्ती तिच्याभोवती फिरला, आत शिरला, चटई उचलून खाली बराच वेळ पाहत राहिला. मग व्यापाऱ्याने चहा मागवला. दोघे काय बोलले ते ऐकू आले नाही. उठताना मात्र निवृत्ती मोठ्याने म्हणाला, "बरं, येतो मग."

"या, या," व्यापारी म्हणाला.

मुकुंदने कान टवकारले. येतो म्हणजे पैसे घेऊनच येतो! उद्या ही गाडी त्याच्या दारात उभी राहणार, आणि मी रोज सकाळी तोंड धुताना तिच्याकडे बघत बसणार? हे त्याला सोसवेना. निवृत्ती कोपऱ्यावर वळतो न वळतो तोच तो व्यापाऱ्यापुढे जाऊन उभा राहिला.

"निवृत्तीभाऊ येतो म्हणाले ना?"

व्यापारी चांगलाच मुरलेला होता. "म्हणाले खरे," तो शांतपणे म्हणाला.

झाले! मिस्त्री राहिला बाजूला. व्यापाऱ्याने सांगितलेला भाव मुकुंदने घासाघीस न करता मोजला आणि निवृत्तीच्या दारावरून मुद्दाम हॉर्न वाजवत गाडी घरी आणली.

संध्याकाळी निवृत्ती त्याच्याकडे आला. "मुकुंदा, चटई उचलून पाहिलीस का रे? अजून परत करता येते का बघ."

'जळतोय!' मुकुंद मनात म्हणाला. त्याला इतका आनंद झाला, की तो चक्क खोटे बोलला. "पाहिली की! एकदम ठणठणीत आहे."

जत्रेच्या दिवशी त्याने सगळा माल गाडीत भरला. घरात एक डझनही ठेवला नाही. अर्ध्या वाटेवर, उतारावर एक मोठा खड्डा आला. गाडी आदळली आणि मागचा पत्रा खोक्यांसकट खाली गेला. ती गाडी कधीतरी पुरात बुडून निघाली होती, आणि चटईखाली गंजाशिवाय काही उरले नव्हते. रस्ताभर हिरव्या काचांचा खच पडला.

मागून निवृत्तीचा भाड्याचा टेंपो आला. त्याने टेंपो थांबवला आणि तो उतरून काचा गोळा करू लागला. मुकुंद रडकुंडीला आला. "भाऊ, गाडी घ्यायचीच नव्हती, तर तुम्ही येतो का म्हणालात?"

निवृत्ती त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे, निरोप घेताना जातो कुणी म्हणतं का? तू कासाराचा ना? फुटलेल्या बांगडीला जन्मभर वाढली म्हणतोस, आणि माझं 'येतो' तुला कळलं नाही?"

येतो तर मुकुंदही रोजच म्हणायचा.

निवृत्तीने त्याला टेंपोतून घरी पोचवले. भामा दारातच उभी होती. रिकामे हात पाहून तिचा चेहरा खुलला.

"अहो, इतक्या लवकर? सगळ्या बांगड्या गेल्या?"

मुकुंदने मान खाली घातली. "वाढल्या," तो म्हणाला.

आणि भामा उंबऱ्यावरच मटकन खाली बसली.

तात्पर्य: शेजारी काय घेतो याकडेच ज्याचे डोळे लागलेले असतात, त्याला आपण काय घेतो आहोत ते दिसत नाही, आणि मत्सराने भरलेल्या कानांना रोजचा साधा शब्दही उलटाच ऐकू येतो.