चुन्यावरची रेघ

घाटाच्या पायथ्याशी, जिथे डांबर संपून दगडांचे राज्य सुरू होते, तिथे एकदा एका वृद्ध कारागिराचे गॅरेज होते. डोंगर चढणाऱ्या जीपगाड्या दुरुस्त करण्यात त्याचे आयुष्य गेलेले. लोक त्याला वस्ताद म्हणत. वस्ताद बोलत कमी आणि गाडीखाली आडवे असत जास्त. त्यामुळे गिऱ्हाइकांना त्यांच्या चेहऱ्याआधी त्यांच्या चपला आठवत.

त्यांचा एक शिष्य होता. तिशीचा, बायकोमुलांचा, आणि वेल्डिंगमध्ये असा तरबेज की बोट फिरवूनही जोड कळू नये. आठ वर्षे तो वस्तादांपाशी होता. पुढे हे गॅरेज आपल्यालाच सांभाळायचे आहे हे त्याला ठाऊक होते. वस्तादांनी मात्र ते कधी बोलून दाखवले नव्हते.

गावातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याला जीपची भारी हौस. उन्हाळ्यात मुलाचे लग्न उरकले आणि शेठ गाडी घेऊन गॅरेजात हजर झाले.

"वस्ताद, उंच करून द्या. अर्धी वीत तरी."

"आहे ती उंची पुरते, शेठ."

"पुरते हो. पण दिसत नाही ना!"

वस्तादांनी हात पुसले. मग म्हणाले, "बघतो."

गाडी उंच झाली. उंच स्प्रिंगा बसल्या, मोठी चाके बसली. जीपच्या मागच्या आसाला जो दांडा धरून ठेवतो, तो चासीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारा तळहाताएवढा लोखंडी ब्रॅकेट मात्र जुन्याच जागी राहिला. पूर्वी त्याच्यावर सरळ ओढ येई. आता दांडा तिरका झाला, आणि प्रत्येक खड्ड्याला तो ब्रॅकेट पिळला जाऊ लागला. शिष्याने त्याला वरून एक पट्टी जोडली. काम देखणे झाले होते.

मग वस्तादांनी एक विचित्र गोष्ट केली. डिंक घालून कालवलेला चुना घेतला आणि त्या काळ्याभोर ब्रॅकेटवर कुंचल्याने फासला. नवा जोड पार विद्रूप झाला.

शेठ वाकून बघतात तर काय! "अहो, पैसे घेऊन वर चुना लावता होय आम्हाला?"

वस्ताद हसले. "दर महिन्याला गाडी आणत जा, शेठ. वेळ नसला तरी आणा."

उंच केलेल्या प्रत्येक गाडीला ते असाच चुना फासत. शिष्याने एकदा कारण विचारले होते. "असू दे," एवढेच उत्तर मिळाले. तेव्हा त्याने स्वतःच कारण ठरवून टाकले: कुणी गाडीला लिंबू-मिरची बांधतो, आमचे वस्ताद चुना लावतात. म्हाताऱ्या माणसाची समजूत, दुसरे काय.

पावसाळाभर शेठ महिन्याच्या महिन्याला येत राहिले. वस्ताद दिवा घेऊन खाली जात, बराच वेळ बघत, चुन्याचा नवा हात देत आणि "ठीक आहे" म्हणत बाहेर येत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेठ आले तेव्हा वस्ताद आजारी बहिणीला भेटायला परगावी गेले होते.

"उद्या पूजा, परवा देवीच्या डोंगरावर," शेठ शिष्याला म्हणाले. "सूनबाईंचा पहिला दसरा आहे. गाडी अशी चमकव की देवीनेही विचारावं, कुणाची म्हणून! आणि खालचा तो पांढरा पट्टा तेवढा घालव रे बाबा. कोड फुटल्यासारखा दिसतो."

शिष्य गाडीखाली गेला. चुन्यावर एका बाजूला केसाएवढी तपकिरी रेघ उतरली होती. चिखलाचा ओघळ असेल, असे त्याला वाटले. त्याने फडके फिरवले, रेघ काही जाईना. गिऱ्हाईक बाहेर उभे होते, झेंडूच्या माळा आणायच्या होत्या. त्याने काळ्या रंगाचा डबा उघडला.

दसऱ्याला जीप खरोखरच देखणी दिसली.

दुसऱ्या दिवशी देवीचे दर्शन घेऊन उतरताना तिसऱ्या वळणावर शेठनी ब्रेक दाबला आणि ब्रॅकेट चासीपासून फाटून निघाला. मागचा आस एका अंगाला सरकला, गाडी आडवी झाली आणि नशिबाने दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूच्या कातळावर आदळली. मुलाला आणि सुनेला खरचटले. शेठचा उजवा गुडघा मात्र असा मोडला की पुन्हा पहिल्यासारखा वाकणार नाही, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितले.

महिन्याभराने शेठ रिक्षाने गॅरेजात आले. पाय प्लास्टरमध्ये, एक हात कुबडीवर, दुसरा सुनेच्या खांद्यावर. अंगणात मोडकी जीप ताडपत्रीखाली उभी होती.

"वस्ताद," शेठ म्हणाले, "तुमचा जोड सुटला."

शिष्य भिंतीकडे सरकला. आता वस्ताद खाली वाकणार, काळा रंग बघणार आणि विचारणार. पण वस्तादांनी हात जोडले. "हो, शेठ. चूक माझी आहे."

 तेव्हा सून हळूच म्हणाली, "मला आवाज येत होता."

"कसला आवाज?" शेठनी विचारले.

"टक् असा. माझ्या सीटखाली. चढताना ब्रेक दाबला की यायचा. उतरताना जास्त येत होता."

"मग बोलली का नाहीस, बाळ?"

तिने पदर सावरला. "गाडीचं कौतुक चाललं होतं, बाबा. मध्ये कुठे बोलणार? मला वाटलं, या घरातल्या गाडीचा असाच आवाज असेल."

शेठनी मान खाली घातली. वाटभर कौतुक तेच करत होते.

शिष्याने हे सगळे ऐकले. उण्यापुऱ्या सहा महिन्यांपूर्वी शेठच्या घरात आलेली मुलगी बोलली, आणि आठ वर्षांचा शिष्य भिंतीला टेकून उभा राहिला. त्या सबंध महिन्यात बोलायला याहून सोपी वेळ आली नव्हती. ती वेळही रिक्षाबरोबर निघून गेली.

वस्तादांनी त्याच्या हातात दिवा दिला. "जा, बघून ये."

तो ताडपत्रीखाली शिरला. फाटलेल्या ब्रॅकेटवर त्याने नखाने खरवडले. काळ्याखाली पांढरे निघाले. पांढऱ्यावर ती तपकिरी रेघ तशीच होती, आणि ब्रॅकेट नेमका तिच्यावरून फाटला होता.

बाहेर येऊन तो खाली बसला. "वस्ताद, ही रेघ मी बघितली होती. मला चिखल वाटला. मीच रंग मारला."

"ठाऊक आहे. गाडी ओढून आणली त्याच दिवशी बघितलं मी."

"मग शेठसमोर माझं नाव का नाही घेतलंत?"

वस्तादांनी दिवा त्याच्या हातातून घेतला. "लोखंड एकदम तुटत नाही, बाळा. आधी केसाएवढं उकलतं. त्या फटीत पाणी जातं, गंज धरतो आणि बाहेर गळतो. काळ्यावर तो दिसत नाही, पांढऱ्यावर दिसतो. उंच केलेल्या गाडीचा ब्रॅकेट आज ना उद्या उकलणार, हे मला माहीत असतं. ते थांबवणं माझ्या हातात नाही. म्हणून ते लहान असतानाच दिसावं, एवढी सोय मी करून ठेवतो. पण हे मी तुला आठ वर्षांत कधी सांगितलं का? तू विचारलंस तेव्हा 'असू दे' म्हणालो. माझं बघून शिकशील, असं वाटलं. तू चुना लावायला शिकलास. त्यात बघायचं काय, ते माझ्यापाशीच राहिलं."

दिवा खाली ठेवून ते म्हणाले, "आणि खरं तर तेही नंतरचं. शेठ उंच करा म्हणाले, तेव्हा 'नको' म्हणायचं काम माझं होतं. मी 'बघतो' म्हणालो. गिऱ्हाईक दुखवायचं जिवावर आलं. हा चुना म्हणजे त्या एका शब्दाची भरपाई होती. ती पुरली नाही."

दुसऱ्या दिवशी शिष्य शेठच्या घरी गेला आणि रेघेपासून रंगापर्यंत सगळे सांगून मोकळा झाला. शेठनी कुबडी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "पांढरा पट्टा घालव, असं मीच सांगितलं ना रे?" आत चहा गाळणाऱ्या सुनेचा हात थांबलेला त्याला दारातून दिसला.

चूक अशी चौघांनी वाटून घेतली. गुडघा तरीही तेवढाच मोडलेला राहिला.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी तीच जीप गॅरेजात आली. आता ती पूर्वीच्या उंचीवर होती. चालवत होती सून; शेठ शेजारी बसले होते, काठी दोन पायांमध्ये धरून.

"दादा, डावीकडे काहीतरी वाजतंय," गाडी बंद करण्याआधीच ती म्हणाली. "कदाचित काही नसेलही."

शिष्य तासभर शोधत होता. शेवटी मागच्या सीटखाली स्टीलचा पेला सापडला. शेठ हसले, सून लाजली. शिष्य हसला नाही. "सांगितलंत, बरं केलंत," तो म्हणाला.

मग त्याने चुना कालवला. गाडी आता उंच नव्हती, तरी नव्याने बसवलेल्या ब्रॅकेटवरचा मागचा चुना आधी नीट पाहिला आणि नवा हात देण्यापूर्वी, कुणी विचारले नसताना, चुना कशासाठी ते सांगितले. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या वस्तादांनी डोळे मिटून घेतले.

सून दिवा घेऊन गाडीखाली वाकली. शेठना आता वाकता येत नव्हते. काठीवर भार देऊन ते उभ्यानेच विचारते झाले, "रेघ आहे का ग?"

"नाही, बाबा," खालून आवाज आला. "आज तरी नाही."