कच्च्या रांजणाचं खापर

घाई गिऱ्हाइकाची आणि दोष मालाचा, हे दुकानात बसून मी जन्मभर ऐकलं. पण ठकूबाई कुंभारणीसारखं उत्तर कुणालाच सुचलं नाही.

नातीच्या लग्नाच्या घाईत इनामदारांनी ठकूबाईचे रांजण भट्टीतून अर्धकच्चेच उचलून नेले. मांडवात पाणी भरताच ते खचले. सावरायला इनामदार स्वतः धावले आणि मग मांडवातच उभ्या असलेल्या ठकूबाईवर कडाडले, “याचं खापर तुझ्याच डोक्यावर फोडणार! उद्यापासून बाजारात बसायचं नाही!”

“फोडा की, धनी! पण भाजल्याबिगर खापर व्हतंय कुठं? कच्च्याचा चिखल व्हतो, आन् तो फोडणाऱ्याच्याच हाताला लागतो.”

इनामदारांनी हात पाहिले. कोपरापर्यंत चिखल! आधी मांडव हसला, मग तेही.

“बस बाई बाजारात तुझ्या जागेवर,” ते म्हणाले, “आणि आधी हात धुवायला पाणी दे. पक्क्या मडक्यातलं!”