मास्तरांच्या उशाशी कोण होते

संत शांतवनबाबा चैत्राच्या सुरुवातीला खडकसोंडला आले, तेव्हा गावातली निम्मी घरे बंद होती. गाव नगरकडचे, खडकाळ आणि उन्हाने भाजलेले. नदीपलीकडे रेल्वेची वाट घालणाऱ्या मजुरांची पालं पडली होती आणि त्या पालांत पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ, शिरली होती. भाविकहो, पटकी म्हणजे काय, हे आजच्या माणसाला सांगून कळायचे नाही. सकाळी घमेले उचलणारा माणूस दुपारी त्याच्या बायकोलाही ओळखू येत नसे, इतका चेहरा आत ओढला जाई. मुकादम केव्हाच पळून गेला होता. मजूर परमुलखातले, त्यांची भाषाही कोणाला धड समजत नव्हती. बाबांनी कीर्तनाची वीणा ख्रिस्ती मंडळीच्या देवळाच्या कोपऱ्यात ठेवली आणि नदीचे कोरडे पात्र ओलांडून ते सरळ पालांत गेले.

त्यांच्यामागे गावातून एकच बाई गेली, रिबका. ती विधवा होती. लोकांची दळणे दळून, भांडी घासून पोट भरायची. अक्षराची ओळख नव्हती. प्रार्थनाही तिला धड येत नसे. सारी मंडळी आमेन म्हणे, तेव्हा तिचे निम्मेच वाक्य झालेले असे. पण तिचा हात फार हलका होता. बाबांनी तिला पाणी उकळायला, मिठाची पातळ पेज शिजवायला आणि दुखणेकऱ्यांची कापडे चुन्याच्या पाण्यात धुवायला शिकवले. ती पहाटे पालांत जाई आणि दिवेलागणीला परते.

खडकसोंडच्या मंडळीचे पुढारी होते तीमथीमास्तर. माणूस विद्वान. शास्त्राचे अध्यायच्या अध्याय त्यांना मुखोद्गत, उपदेशाला उभे राहिले की बायका पदराने डोळे पुसत. घरी मात्र एकटेच असत, कारण पत्नी वारली होती आणि मुले दूर नोकरीला होती. आपल्या ज्ञानाचा त्यांना अभिमान होता. न शिकलेल्या माणसाचा विश्वास म्हणजे वाऱ्यावरची वरात, असे ते उघड बोलत.

एका रविवारी रिबका धावतपळत उपासनेला आली. लुगड्याला चुन्याचे डाग, केस विस्कटलेले. मास्तरांनी तिला दारातच अडवले.

"तीन रविवार कुठे होतीस?"

"पालांत होते मास्तर. माणसं लई आहेत, हात कमी पडत्यात."

"म्हणजे प्रभूचा दिवस मोडून परक्यांची घाण धुतेस आणि तेच अंग घेऊन त्याच्या घरात येतेस. एक अध्याय म्हणून दाखव बरं. अध्याय राहू दे, एक ओळ."

रिबकाला ओळ आठवेना. मागच्या बाकांवरून कोणी हसले. मास्तर म्हणाले, "न्यायाच्या दिवशी प्रभू काय, तू किती कापडं धुतलीस ते विचारणार आहे? जा, शिकून ये. तोवर प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाला हात लावायचा नाही."

ती पालांत परतली ती रडतच. बाबा एका म्हाताऱ्याचे पाय चोळत बसले होते. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "मास्तर वाचतात ते खरंच आहे लेकी. त्यांचा राग धरू नकोस."

"पण बाबा, मला वाचता येत न्हाई. मग माझा विश्वास खोटा का?"

"तू पाणी पाजतेस, ते कोणाला?"

"तान्हेल्याला."

"मग पाजत राहा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी भरलेली वाटी तिच्या हातात दिली.

त्यानंतर चारच दिवसांनी पटकीने नदी ओलांडली. दुपारच्या वेळी मास्तरांची शेजारीण भागाबाई पलीकडच्या काठावर येऊन ओरडू लागली. "रिबके, मास्तर पडलेत गं. सकाळपासून उलट्या चालल्यात. सगळे मळ्यांत निघून गेले. मी पण चालले, घरात लेकरं आहेत माझ्या."

रिबकाच्या मनात क्षणभर आले, म्हणा आता अध्याय. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की कानशिले तापली. ती उठणार, तोच मांडीवरची मजुरीण कण्हली. तिचे नाव गंगव्वा. पोटुशी होती, तिचा नवरा आदल्या दिवशीच पटकीने गेला होता. घटकेघटकेला चमचाभर पाणी ओठात सोडले तरच ती तग धरणार होती. रिबका बाबांकडे वळली.

"बाबा, मास्तरांकडे कोणी न्हाई. मी जाऊ का?"

बाबांच्या दोन्ही बाजूंना दोन माणसे निपचित पडली होती. त्यांनी रिबकाकडे पाहिले आणि जड आवाजात म्हणाले, "तू उठलीस तर ही जाईल. मी उठलो तर हे दोघे जातील."

"मग मास्तर?"

"जिथे आपले हात पोचत नाहीत, तिथे प्रभूला पाठवायचं. सांग त्याला."

रिबकाने चमचा सोडला नाही. तिला हातही जोडता आले नाहीत. गंगव्वाच्या तोंडाकडे बघत ती पुटपुटली, "प्रभू, मला जाता येत न्हाई. माझ्याऐवजी तू जा. पेज पातळ कर, त्यांना मागचे दात न्हाईत. आणि ते वसकन अंगावर येत्यात, मनाला लावून घेऊ नको." आमेन म्हणायचेही ती विसरली.

तीन दिवस ती पालातून हलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गंगव्वाने डोळे उघडून खुणेने भाकरी मागितली. रिबकाने तिला बाबांच्या हवाली केले आणि ती नदीच्या वाळूतून पळत सुटली. मास्तर जिवंत भेटतील अशी तिला आशा नव्हती.

दार उघडेच होते. जमीन ताजी सारवलेली. धुतलेली धोतरे दोरीवर वाळत होती. मास्तर भिंतीला टेकून बसले होते, अशक्त, पण डोळ्यांत तेज असलेले. शेजारच्या पातेल्यातून पेजेची वाफ निघत होती.

"पुन्हा आलीस?" ते म्हणाले. "आत्ताच तर निरोप घेऊन गेलीस."

रिबका उंबऱ्यातच थबकली. "मी? मास्तर, मी तर आत्ता येत्येय. तीन दिवसांत पहिल्यांदा."

"माझी थट्टा करू नकोस बाई. तीन दिवस माझी घाण तू काढलीस. मांडीवर डोकं घेऊन पेज पाजलीस. मी तुला नाही नाही ते बोललो, पातेलं लाथाडलं. तू पुन्हा चूल पेटवलीस, एक शब्द बोलली नाहीस." त्यांनी मान खाली घातली. "मला शरम वाटत होती. तुला अध्याय विचारणारा मी."

"देवाशपथ सांगते मास्तर, मी न्हवते. बाबांना इचारा. गंगव्वाला इचारा."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. तेच हिरवे लुगडे, तोच ठिगळाचा पदर. मग ते हळूच म्हणाले, "तुझे हात दाखव."

तिने हात पुढे केले. चुन्याने सोललेली बोटे, जात्याच्या खुंट्याने पडलेले घट्टे. मास्तरांनी दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहिले. 

"जखमा होत्या," ते म्हणाले. "दोन्ही तळहातांच्या मधोमध, खिळे ठोकल्यासारख्या. पाणी पाजताना दिसायच्या. मी म्हटलंसुद्धा, रिबके, फडकं बांध, दुखत असेल. तेव्हा तू... तेव्हा नुसतं हसू आलं समोरून."

 मग रिबका मटकन खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडू लागली. तिने सांगितलेले आमेनवाचूनचे ते अर्धेमुर्धे बोलणे कोणीतरी अक्षर न अक्षर ऐकले होते. पेजसुद्धा पातळच होती.

मास्तर तिच्या खांद्याचा आधार घेत, चार ठिकाणी थांबत नदी ओलांडून पालांत आले. बाबांना पाहताच ते त्यांच्या पाया पडू लागले. बाबांनी त्यांना वरच्यावर धरले.

"माझ्याकडे कशाला येता मास्तर? मी इथेच होतो. मी तर तुमच्या दाराशीही आलो नाही."

मास्तर वळले. रिबका मागे सरली, "नका मास्तर, वडीलमाणूस तुम्ही," म्हणत राहिली. पण सगळ्या मजुरांदेखत त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले. मग उठून बाबांना विचारले, "मला काय करता येईल? मला फक्त वाचता येतं."

शांतवनबाबा हसले. कडेच्या पालाकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथे एकाला पाणी हवंय."

मास्तरांनी वाटी भरून घेतली. कडेच्या पालाचे दार इतके बुटके होते, की आत जायला कोणालाही गुडघे टेकावे लागत. तीमथीमास्तरांनी गुडघे टेकले आणि त्या अनोळखी माणसाच्या ओठांपाशी वाटी नेत ते खाली वाकले.