ठकूमायनं परत मागितलेला आशीर्वाद

ऐकायचं तर नीट बसा, आणि मधेच “मग काय झालं” करू नका. मी सांगणारच आहे. फार वर्षांपूर्वी, आपल्या निमखेड्यात नळाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. पाणी अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून डोक्यावर यायचं. म्हणून दारोदारी मोठाले रांजण, आणि ते सगळे ठकू कुंभारणीच्या हातचे. रांजण विकताना ती त्यावर हात ठेवून म्हणायची, “बाई गं, याचा तळ कधी न दिसो.” तिचा शब्द म्हणजे देवाचा शब्द! बाया वरून भर घालायच्या, पण रांजण रिकामा म्हणून करायच्या नाहीत. तळाचं पाणी वर्षानुवर्षं तसंच राहायचं.

मग गावात हाडमोडी ताप शिरला. अंग फणफणायचं, डोळ्यांमागं ठणकायचं, सांधा न् सांधा बोलायचा. पहिल्या साली ठकूचा नवरा गेला. दुसऱ्या साली पुन्हा घरोघर अंथरुणं पडली, आणि नेमकी तेव्हाच तिची एकुलती एक लेक झेलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोरगी आणि तिचं बाळ धडधाकट सासरी पोचवायचं, एवढा एकच ध्यास ठकूला लागला.

एकदा माती भिजवायला तिनं रांजणाच्या तळाचं पाणी घागरीत काढलं, वर फडकं बांधलं आणि विसरून गेली. आठव्या दिवशी फडकं सोडलं, तर आतून डास भुर्रकन उडाले. पायांवर पांढरे पट्टे असलेले, दिवसाढवळ्या चावणारे. बाहेरून आत जायला तर फट नव्हती! ठकूनं धावत जाऊन रांजणात डोकावलं. तळाशी बारीक किडे वळवळत होते. हेच डास तिनं तापाच्या घरांत रोग्यांभोवती घोंघावताना पाहिले होते. ती पुटपुटली, “अगं आई गं, हा तर माझाच आशीर्वाद!”

तशीच ती शेजारच्या सरजाकाकीकडं गेली.

“काकी, रांजण पालथा करा.”

“डोकं फिरलं का तुझं? तूच म्हणालीस ना, तळ न दिसो?”

“म्हणाले, आणि चुकले. दिलेला आशीर्वाद परत मागायला आलेय.”

दिलेला आशीर्वाद कुणी परत मागतं का? काकीनं दार लावून घेतलं. पुढच्या दहा दारांतही तेच झालं.

तेव्हा ठकूनं आपला रांजण ढकलत ढकलत चावडीपुढं आणला. सगळ्यांदेखत तिनं तो पांढऱ्या धोतरावर उपडा केला. धोतरावर किडे वळवळायला लागले. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. ठकू म्हणाली, “तळ दाखवल्याचा कोप व्हायचाच असेल, तर आधी माझ्या घरावर होऊ दे. माझी पोटुशी पोर घरात आहे.”

असं म्हणतात, की त्या रांजणावर तिनं थाप मारली आणि गावातले सगळे रांजण आपोआप कलंडले. मला विचाराल तर पहिला सरजाकाकीनंच कलंडवला, डोळे पुसत. पण असो, तुम्ही आपोआपच समजा.

पाणी झाडांना घातलं. आतली काळी बारीक अंडी राखेनं घासून काढली. रांजण उन्हात वाळवले, मग ताज्या पाण्यानं भरून तोंडाला फडकी बांधली. परसातली फुटकी खापरंही पालथी झाली. असं दर आठवड्याला चाललं. दोन महिन्यांत ताप ओसरला. झेलूला साधी कणकणही आली नाही. तिला मुलगी झाली, आणि असं म्हणतात, की ठकूनं नातीला पहिलं ऊन रिकाम्या रांजणाशेजारी दाखवलं.

आता नळ आले, टाक्या आल्या. तरी निमखेड्यात दर बुधवारी पिंप, हौद, कुलरसुद्धा रिकामे होतात. आणि आजही नवा रांजण घेताना कुंभार म्हणतो, “बाई, याचा तळ दर आठवड्याला दिसो.” घेणारी बाई तो कलता करते, आत वाकून बघते आणि मोठ्यानं म्हणते, “दिसला गं, ठकूमाय!”