गेणूचा हात आणि आबासाहेबांची मान

न्हाव्याचं नाव गेणू होतं की गणू, याची आता खात्री देता येत नाही. पण केरबा मूर्तिकाराची गोष्ट बहुधा अशीच घडली.

चुन्याची कळी उडून केरबाचे डोळे गेले होते. तरी नगराध्यक्ष आबासाहेबांचा चेहरा हातांनी चाचपून त्याने मातीत त्यांचा अर्धपुतळा घडवला. तो पसंत पडला, तरच त्याला पुन्हा कामं मिळणार होती.

नगरपालिकेच्या सभेत पुतळा पाहून आबासाहेब कडाडले, "मला दोन हनुवट्या? आंधळ्याकडून दुसरं काय होणार! मोडून टाका."

"मोडा, मोडा," सभासद म्हणाले.

केरबा म्हणाला, "ही डोळस मंडळी तुमच्या तोंडाकडे बघून बोलतात, साहेब. रोज तुमची दाढी करणाऱ्या गेणूला डोळे बांधून आणा. डोकं कोणाचं, ते त्याचा हात सांगेल."

गेणूला तसंच आणलं. त्याची बोटं मातीच्या गालांवरून हनुवटीखाली गेली आणि सवयीने तिथेच थबकली.

"आबासाहेब, मान जरा वर करा. घडीत केस राहतात."

सभागृहात हशा उसळला.

"गेणू, ही मान मातीची," केरबा म्हणाला. "वर करायची ती समोर खुर्चीत बसलीय."

पुतळा वाचला, पुढे पंचधातूत ओतलाही गेला. बऱ्याच वर्षांनी मी नगरपालिकेत जाऊन, हात लावून खात्री केली: हनुवट्या दोन नव्हत्या, तीन होत्या.